सरळ फुटवे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण शनिवारी बाबा येतायत, आणि चार दिवस झाले, माझं कशात लक्ष नाही.

आधी झाडाचं सांगते. ते सोपं आहे.

इथे अमेरिकेत, आमच्या बेलव्ह्यूच्या घरासमोर हेझलनटचं झाड आहे. खायच्या हेझलनटचं नव्हे, शोभेचं. फांद्या स्प्रिंगसारख्या पिळलेल्या, एकही सरळ नाही. हिवाळ्यात पानं झडली की तो पीळ दिसतो आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात. घर घेतलं तेव्हा माझ्या मॅनेजरनं, कॅरलनं, ते भेट दिलं होतं. तिला बागेचं भारी वेड. मी खड्डा खणला, खत घातलं, पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी बुंध्याशी सरळसोट, तरतरीत फांद्या निघाल्या, मोठमोठ्या पानांच्या. मी खूश — झाड लागलं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हातात घेतलं ते मला जमतंच, अशी माझी समजूत. थोडी अजून आहे.

त्या उन्हाळ्यात, १९८६ साली, बाबा आले. बाबा म्हणजे कोकणातल्या एका नर्सरीत चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधलेला माणूस. शिक्षण चौथी. ऑफिसात मात्र मी सांगून ठेवलं होतं, वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेत. का सांगितलं? कुणी धड विचारलंही नव्हतं.

एका शनिवारी आमच्याकडे बार्बेक्यू होता. कॅरल येणार होती, ऑफिसातले आणखी चारपाच जण. सकाळी मी दुकानातून आले तर बाबा झाडापाशी उकिडवे बसलेले. हातात कलमाचा चाकू, इथवर धोतरात गुंडाळून आणलेला. आणि शेजारी माझ्या त्या सगळ्या सरळ फांद्यांचा भारा.

"खुंटाचे फुटवे होते गो बाय," ते म्हणाले. "झाड खाल्लं असतं त्यांनी."

मी काय बोलले ते लिहायला नको वाटतं — लिहिते. "बाबा, ही तुमची नर्सरी नाही. कळत नाही त्यात हात कशाला घालता?" शेजारचा माणूस गवत कापत होता, त्यानं मशीन थांबवून आमच्याकडे पाहिलं. इतका माझा आवाज. बाबांनी चाकू मिटला. "इथल्या झाडांची रीत निराळी असेल," म्हणाले.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. राग कुणाला येत नाही?

दुपारी कॅरल आली ती थेट झाडाकडे. वाकली, बुंध्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, कुणी केलं हे? इतकं सफाईचं काम. मग तिनं समजावलं — हे झाड ग्राफ्टेड असतं, साध्या हेझलनटवर बांधलेलं. खालून सरळ फुटवे येतात ते त्या साध्या झाडाचे. ठेवले तर काही वर्षांत वरचं पिळाचं झाड मरतं.

ग्राफ्टेड. म्हणजे कलम. ज्या कलमांवर आमचं घर चाललं, ज्यांवर मी शिकले, त्यातलं एक माझ्या दारात उभं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मीच," मी म्हणाले. "आज सकाळी."

बाबा दोन पावलांवर सरबताचा ट्रे घेऊन उभे होते. इंग्रजी कळत नव्हतं, पण बोलणं झाडाबद्दल आहे हे कळलं होतं. "काय म्हणतायत बाई?" त्यांनी विचारलं.

विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. मिळाला. चांगला मिळाला.

"म्हणतायत, झालं ते झालं. पुन्हा नका कापू."

बाबांनी ट्रे खाली ठेवला आणि कॅरलला हात जोडले. "सॉरी," म्हणाले. त्यांना चारच इंग्रजी शब्द येत होते, त्यातला हा एक. कॅरलनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, इंग्रजी येत नाही ना, म्हणून सॉरी म्हणतायत.

पुढचे दोन महिने बाबांनी बागेत कशाला हात लावला नाही. नळी हातात घेतली तरी आधी विचारायचे, "घालू ना पाणी?"

त्यानंतर दर वर्षी ते फुटवे मी काढते. झाड उत्तम आहे. लोक विचारतात, मी सांगते — मीच बघते सगळं.

चार दिवसांपूर्वी बाबांचं पत्र आलं. विमानाची वेळ, बहिणीची खुशाली, आणि शेवटी: "तुझे झाड सावरले का? या खेपेस चाकू आणत नाही. काळजी नसावी."

आता मे महिना आहे. बुंध्याशी पाच नवे फुटवे आलेत, हातभर उंच, सरळ. काढले तर बाबा एकदाच खाली बघतील आणि त्यांना कळेल, मला सगळं कधीचं माहीत आहे. ठेवले तर हात मागे बांधून तिथं उभे राहतील, आणि काही बोलणार नाहीत.

मी ठेवलेत. आणि आधीच्या वर्षांच्या कापांच्या खुणा दिसू नयेत म्हणून काल बुंध्याशी माती सारली.