फायबरच्या बॉनेटचे दिवस

असल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. स्पेअर पार्टच्या खिडकीत वीस वर्षं बसलं, की ड्रॉवरमध्ये वायसर साचतात तशा त्या साचतात. तंजावुरातलं आमचं पिकअपचं शोरूम तसं साधं. मग देशाची दारं उघडली आणि आमच्याकडे मद्रासहून टायवाले मॅनेजर आले. सोबत नवीन मॉडेल: फायबरचं बॉनेट, अ‍ॅल्युमिनियमचा हौदा, पॉवर विंडो.

पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, "फायबरला डेंट येतच नाही. पापनाशमच्या राइसमिलवाल्यांनी सहा गाड्या घेतल्या, की आपलं डेंटिंग सेक्शन बंद!"

डेंटिंग सेक्शन म्हणजे एकटे गोविंदमामा. राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत आमच्या शेजारी राहायचे. पत्रा ठोकून सरळ करण्यात तीस वर्षं गेलेली. पन्नाशीनंतर त्यांना दुसरं काम कोण देणार होतं? त्या दिवसापासून साहेब माझ्या डोक्यात गेले ते गेलेच.

०

तिरुवैयारूचे एक मृदंग शिकवणारे गुरुजी गाडी बघायला आले. साहेब वीस मिनिटं बोलले. वजन किती कमी, गंज कसा नाही, सगळं पाठ.

गुरुजींनी बॉनेटवर बोटांनी दोनदा वाजवलं आणि कान लावला.

"याच्या आत काय आहे?"

"इंजिन, सार."

"वाटत नाही," म्हणाले आणि बाहेर थांबलेल्या रिक्षात जाऊन बसले.

०

कपहोल्डर म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. "आता गाडी चालवता चालवता कॉफी!"

एका गिऱ्हाइकानं घरून पितळी टंबलर आणि डवरा आणला. डवरा म्हणजे कॉफी वरखाली करायची वाटी. टंबलर आत गेला तो अडकलाच. गोविंदमामांनी पक्कड लावून काढला.

"सार, डवरा कुठे ठेवायचा?"

"मांडीवर," साहेब म्हणाले. कसलं डोंबलाचं फीचर!

०

पॉवर विंडोची तर मजाच. पहिल्या गाडीची पूजा चालली होती. चाकांखाली लिंबं ठेवलेली, भटजी खिडकीतून आत वाकून स्टिअरिंगला कुंकू लावत होते. तेवढ्यात साहेबांना पलीकडून बटण दाबून दाखवायची हुक्की आली. काच वर गेली. भटजींनी डोकं बाहेर काढलं, पण उपरणं काचेत अडकलं. काच खाली येईना. गाडीच्या मालकानं तोवर ती सुरू करून लिंबांवरून पुढे घेतली होती. भटजी मंत्र म्हणत गाडीबरोबर गेटपर्यंत चालत गेले.

साहेब सगळ्यांना सांगत होते, "नवीन आहे, थोडं टाइट असणारच."

०

तीच गाडी महिन्याभरात तक्रार घेऊन परत आली. अ‍ॅव्हरेज पडत नाही म्हणे. बघतो तर पुढे लोखंडी गार्ड, हौद्याला जाड अँगल, वर सागवानी फळ्या आणि टपावर लोखंडी कॅरिअर.

मी म्हटलं, "मालक, तुम्ही गाडी हलकी म्हणून घेतली होती ना?"

"हो, म्हणूनच तर एवढं वजन चढवता आलं."

साहेबांनी ही तक्रार केबिनमध्ये नेली आणि दार लावून घेतलं.

०

शेवटी पापनाशमचे राइसमिलवाले स्वतः आले. सहा गाड्यांचे कागद टेबलावर तयार होते. गोविंदमामा सकाळपासून एकच स्पॅनर पुसत बसलेले. मला मराठीत हळूच म्हणाले, "आज सही झाली, की मी घरी."

मिलवाल्यांनी बॉनेटवर हात फिरवला. "कुणी ठोकलं तर?"

"डेंट येऊच शकत नाही!" साहेब म्हणाले. "गोविंदराव, तुमचा हातोडा आणा. मारा यावर."

मामा हातोडा घेऊन उभे राहिले. जोरात मारावा, तर मुद्दाम फोडलं म्हणून आजच हाकलतील. हळू मारावा, तर गाड्या विकल्या जातील.

मामांनी हातोडा साहेबांपुढे धरला. "सार, माझा हात पत्र्याचा. ही तुमची वस्तू. तुम्हीच मारा."

साहेबांनी टाय खांद्यावर टाकला आणि हाणला. बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं. मिलवाल्यांनी पेन खिशात ठेवलं.

साहेब मामांवरच खेकसले, "बघत काय उभे राहिलात? नीट करा ते!"

मामांनी वाकून तड्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"काय नीट करू, सार? तुम्ही म्हणालात तसंच झालं. डेंट कुठेच नाही."