रिबेकाबायचा योना

रत्नागिरीच्या मांडवीत कुणालाही विचारा, मटण कुणाच्या हातचं खावं, तर तो रिबेकाबायचं घर दाखवील. आणि त्या घरात मटणाला गेली कित्येक वर्षं तोंड न लावणारी एकच बाई राहते, तीही रिबेकाबायच.

रिबेका शमुवेल साळवी. साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गेलेलं पोर जागच्या जागी थांबावं. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर तिनं खानावळ काढली. कॉलेजची पोरं आणि सरकारी कचेऱ्यांतले एकटे राहणारे बाबू दुपारी तिच्या पडवीत जेवायला बसतात. बांगड्याचं तिखलं, कोंबडीचा रस्सा, रविवारी मटण. मीठ चाखायला शेजारच्या हमिदाभाभी. कुंपणावरून वाटी पलीकडे जाते, पलीकडून हुकूम येतो, "मीठ बराबर. तिखट हात आवर जरा," आणि मगच टोप चुलीवरून उतरतो.

तिचं मांस सुटलं त्यामागं काही मोठं कारण असेल म्हणून कुणी विचारायला गेलं तर निराश होतं. ईस्टरच्या आधी, उपासकाळात, चर्चची बरीच मंडळी मांस-मच्छी सोडतात आणि ईस्टरच्या दुपारी सगळी वसुली करतात. अशाच एका ईस्टरला रिबेका पानावर बसली. रश्शाची वाटी पुढ्यात, अंगणात शेळी बांधलेली, शेळी तिच्याकडे बघत रवंथ करतेय. हात वाटीकडे गेलाच नाही. दृष्टांत नाही, आकाशवाणी नाही. पुढं मासेही गेले, आणि रत्नागिरीत बांगडा सुटणं म्हणजे काय, ते रत्नागिरीकरालाच कळेल. "मी सोडला नाय, माजा सुटला," एवढंच ती सांगते.

पण लोकांचं एवढ्यावर कुठं भागतं? समोरच्या यमुनाबाईंना वाटलं, हिनं माळ घातली. त्यांनी हौसेनं एकादशीची साबुदाण्याची खिचडी आणून दिली. रिबेकानं ती चाटूनपुसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी डबा रिकामा कशाला द्यायचा म्हणून नारळाच्या वड्या भरून परत केला. वर सांगितलंही, "यमुनाबाय, मी प्रभूचीच हाय हां. खिचडी तेवडी तुमची."

चर्चमध्ये मात्र प्रकरण इतकं गोडीत मिटलं नाही. तिथं योसेफकाका कदम होते. चर्चचे पंच, संडे स्कूलचे जुने शिक्षक, बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे. शमुवेल गेला तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्यांचाच होता. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, आणि ती उगाच बसली नव्हती.

"तुजा आजा आनि माजा आजा देवरूखाकडनं एकदमच आले," ते एकदा नाताळच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले. "गावात ज्यांच्या सावलीला उभा राहाता येत नव्हता, त्यांच्या मांडीला मांडी लावून इथं जेवले. तोच आपला धर्म. आनि तू आज ताट निराळा करतंस? हा खायाचा, तो नाय खायाचा, ह्यातनंच आपन सुटलो ना गो?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच लागलं.

"ताट माजा तुमच्याच पंगतीत हाय, योसेफभाऊ," ती म्हणाली. "वाटी तेवडी पालती हाय." आणि तिनं खरोखरच वाटी पालथी घालून त्यांच्या शेजारी डाळभात कालवला. मग उठली, आणि स्वतः रांधलेलं मटण पंगतीभर वाढलं. तेव्हापासून दर नाताळच्या प्रीतिभोजनाला हेच. मटण रिबेकाचं, आणि रिबेकाची वाटी पालथी. योसेफकाका दरवर्षी ती वाटी बघत आणि दरवर्षी मान हलवत.

असं सुरळीत चाललं असताना बाईनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की तिची शेळी चांदी विताना अडली. रात्रभर तळमळली, सकाळी कशीबशी मोकळी झाली, पण उठेना. पुढल्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ आली. ज्याला जे वाटेल ते उभं राहून सांगायचं, अशी ती वेळ. माइक हातात आला की भलेभले दोन वाक्यं जास्त बोलून जातात. रिबेका उभी राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "माज्या चांदीला प्रभूनं उठवला, तर तिचा पयला पिल्लू कापणीच्या सणाला प्रभूला देईन." सगळे "आमेन" म्हणाले. योसेफकाकांचं आमेन जरा जास्तच ठसठशीत होतं.

चांदी उठली. आणि पिल्लू होतं बोकड; माइक हातात असताना हे बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कापणीच्या सणाची रीत अशी. भात घरात आलं की ज्याचं त्याचं पहिलं फळ वेदीपुढं आणायचं. भाताच्या लोंब्या, नारळ, केळीचे घड, पायाला सुतळी बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. पाट, म्हणजे मादी, असती तर कुणीतरी दुधासाठी पाळली असती. पण लिलावात घेतलेला बोकड कुठं जातो हे सांगायला पाळकसाहेब नकोत. दुसऱ्याचं मटण रांधणं वेगळं, आणि आपल्या दाव्याचा जीव सुरीखाली देणं वेगळं.

रिबेकानं ठरवलं, ह्याला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की माणूस गुंततो. आठवडाभर तो "ता पिल्लू" होता. मग एका सकाळी तो दावं तोडून समुद्राकडे पळाला, लाटेत गटांगळ्या खाल्ल्या आणि कोळ्यांनी काढून, ओलाचिंब, थरथरणारा, घरी आणून दिला. टॉवेलनं त्याला पुसता पुसता रिबेका खवळून म्हणाली, "मेल्या, धाडला येकीकडं, जातोस दुसरीकडं! योनाच हायस!" बायबलातला योनाही असाच, प्रभूनं निनवे नगराला धाडलं तर उलटा समुद्राकडं पळालेला आणि पाण्यातून वाचलेला. संपलं. नाव पडलं.

योना मोठा झाला. पेज प्यायचा तर कोमट. फणसाचं पान हातानं दिलं तरच खायचा, खाली टाकलं तर अपमान झाल्यासारखा बघायचा. रात्री एकटा झोपायचा नाही, रिबेकाच्या खाटेच्या पायाशी यायचा. सण जवळ आला तशी तिची झोप उडाली.

"दुसरा बोकड दे त्याच्या बदली," हमिदाभाभी कुंपणावरून म्हणाल्या.

"शब्द ह्याच्यावर दिलाय."

"मग रडून दे. आमी ईदचा बकरा हातानं चारतो, नि देताना रडतो. रडू आला नाय, तर दिला काय?"

"इब्राहिमाची गोष्ट आमच्यात पन हाय, भाभी. पोटचा पोर देवाला द्यायला निघाला, नि शेवटाला पोर वाचला."

"पोर वाचला," हमिदाभाभी म्हणाल्या. "बकरा नाय वाचला."

त्या रात्री रिबेका प्रार्थनेला बसली आणि काय मागावं तेच तिला उमगेना. इब्राहिमाला पोराच्या बदली दिलास तसा झुडपात दुसरा मेंढा अडकव, असं तरी कसं मागायचं? तोही कुणाच्या तरी खाटेच्या पायाशी झोपत असणार.

सणाच्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, योनाला आंघोळ घातली आणि ताठ मानेनं त्याला चर्चच्या आवारात नेलं. दिलेलं मागं घ्यायचं नाही. आपणच दिलेल्यावर आपणच बोली लावायची नाही, हीही तिथली रीतच. लिलावात योनावर बोली चढत गेली. शेवटी योसेफकाका एकटे उरले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हा बोकड मी घेतला. नाताळच्या प्रीतिभोजनासाठी चर्चला. आनि रांधायचा नेहमीप्रमाणं रिबेकानंच."

ती "नाही" म्हणाली असती तर कुणी दोष दिला नसता. पण मग योसेफकाकांचं म्हणणं खरं ठरलं असतं, की हिचं ताट शेवटी निराळंच. हे तिला कळत होतं आणि त्यांनाही.

"रांधीन की," रिबेका म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. मग ती दावं घेऊन त्यांच्याकडे गेली. "पन माल देताना सांगून द्यावा, म्हनून सांगते. पेज कोमट द्या. पान हातानं भरवा, खाली टाकू नका, रुसतो. समुद्राकडचं फाटक लावून घ्या. रातचा येकटा झोपत नाय. आनि नाव योना. हाक मारली की येतो." सगळी मंडळी ऐकत होती. योसेफकाकांनी घसा खाकरला आणि दावं हातात घेतलं. योना त्यांच्यामागून गेला आणि फाटकाशी थांबून त्यानं मागं वळून बघितलं. रिबेका तोवर दुसरीकडे तोंड करून नारळ मोजायला लागली होती. तिला भयंकर वाईट वाटत होतं. घरी येऊन तिनं मसाला वाटायला घेतला आणि पोटभर रडली. कुणी विचारलं तर मिरची झोंबली म्हणायची सोय होती.

नाताळपर्यंत ती एकदाही त्याला बघायला गेली नाही. गेली असती तर घेऊन आली असती. पण योसेफकाकाच तिच्या फाटकाशी येऊ लागले.

"रातभर वरडतो गो."

"सांगितला होता ना. बाजूला खाट टाका."

पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. "पेज पीत नाय."

"गरम दिली असंल. बोट बुडवून बगा आदी."

मग एकदा नुसतेच आले, फाटकाला टेकून उभे राहिले. "नाताळची चांदनी लावली दारात, तिचा कागद खाल्ला योनानं," ते म्हणाले. इतके दिवस ते "बोकड" म्हणत होते. रिबेकानं ते बरोबर ऐकलं. डाळ निवडत राहिली.

नाताळच्या सकाळी चर्चच्या मागल्या अंगणात चुली पेटल्या. रिबेका कांदा भाजत होती. योसेफकाका मटणाची पिशवी घेऊन आले आणि तिच्यापुढं ठेवली. तिला पिशवीकडे बघवेना.

"योना नाय तो," ते घाईघाईनं म्हणाले. "योना घरी हाय. बाजारातनं आनलाय हा."

रिबेका चुलीपुढं तशीच बसली. वाटलं, ह्या म्हाताऱ्याचे पाय धरावेत. मग तिची नजर पिशवीवर गेली.

"मंग हा कुनाचा?"

"बाजारातला म्हनून सांगतोय ना."

"म्हंजे कुनाचा तरी," ती हळूच म्हणाली.

योसेफकाका दगडावर बसले. "पोरांना योनाची गोष्ट शिकवत होतो रविवारी," ते म्हणाले. "शेवटाला प्रभू सांगतो ना, ह्या एवड्या मोठ्या निनवे नगराची मला दया येऊ नये काय? एवडी मानसं तिथं, आनि गुरंढोरं पन. इतकी वर्सं शिकवली गोष्ट. गुरांवरनं नुसता वाचत पुढं जायाचो. ह्या खेपेला नाय जाता आला."

रिबेकानं डोळे पदराला पुसले आणि पिशवी उघडली. पंगत तिची होती, माणसं तिची होती, आणि शब्द दिला होता. तिनं ते मटण असं रांधलं की वास रस्त्यापर्यंत गेला. मीठ बघायला वाटी घेऊन एका पोराला हमिदाभाभींकडे पिटाळलं. निरोप आला, "बराबर."

पंगत बसली. रिबेका वाढत वाढत योसेफकाकांपर्यंत आली, आणि पळी घातलेला तिचा हात थांबला. त्यांची वाटी पालथी होती. शेजारी तिच्यासाठी ठेवलेलं पान, त्यातली वाटीही पालथी. अख्खी पंगत बघत होती.

"उद्या बांगडं खानार हाय मी," योसेफकाका मान वर न करता गुरकावले. "सांगून ठेवतो."

"खा की," रिबेका म्हणाली. मटणाची बादली तिनं पुढं सरकवली, त्यांच्याजवळ खाली बसली आणि त्यांच्या भातावर आपल्या हातानं डाळ वाढली.