हेब्बाळमध्ये बसून मला टोचलेल्या सुया

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. जे मीटरवर दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. त्यामुळे इथे हे लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतंय... पण जे झालं ते झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून नोकरीसाठी आम्ही बेंगळुरूला आलो होतो. घर राजाजीनगरला, माझं ऑफिस हेब्बाळला. बायको मेधा एका शाळेत शिकवायची. तिथेच तिचं पोटाचं दुखणं सुरू झालं. घराबाहेर पडायची वेळ झाली की मुरडा यायचा. बसमधून मध्येच उतरून घरी परतायची. सगळ्या तपासण्या नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "इरिटेबल बॉवेल आहे, टेन्शन घेऊ नका." शेवटी ती नोकरी सोडायची भाषा करायला लागली.

शेजारच्या तुळसाक्का म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेलं मराठी घर. त्या म्हणाल्या, "जे. पी. नगरात एक डॉक्टर सुया टोचतेत. स्वल्प दुखतंय, मग हलकं वाटतंय बघ. चल माझ्यासंगं."

मला ते अ‍ॅक्युपंक्चर वगैरे सगळं थोतांड वाटत होतं. पहिल्या दिवशी मी स्वतः मेधाबरोबर गेलो. डॉक्टर म्हातारे, एकटेच राहायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना. सुया नव्या आहेत का, कशाने पुसता, किती खोल जातात, असं मी विचारत सुटलो. ते वैतागले. "स्वल्प होरगे कूतकोळ्ळी, सार," म्हणत त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने उजव्या गुडघ्याखाली काहीतरी चावलं. मुंगी असेल म्हणून पँट वर करून पाहिलं, काही नाही. मग डाव्या. मग मनगटाच्या आतल्या बाजूला. नंतर तिथे जड, करंट उतरल्यासारखं वाटत राहिलं आणि काही वेळाने एकदम थांबलं. मेधा बाहेर आली. सुया कुठे टोचल्या, विचारलं. गुडघ्याखाली, आधी उजव्या... मग मनगटावर.

म्हातारा संमोहनबिंमोहन करतो, असा संशय आला. म्हणून पुढच्या वेळी तिला अक्कांबरोबर पाठवलं आणि मी ऑफिसला गेलो. भर मीटिंगमध्ये पुन्हा तेच — गुडघे, मनगट आणि या वेळी पावलावर, अंगठ्याच्या मागे. संध्याकाळी मेधा म्हणाली, "आज पावलावर पण दिली रे एक."

तिला मात्र खरंच बरं वाटत होतं. ती रोज शाळेत जायला लागली होती. मग बंद कर म्हणू तरी कसं?

एके दुपारी ऑफिसात पोटात टोचलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, मग खाली. पोटात सुया मेधाला कधीच दिल्या नव्हत्या. नेहमी जडपणा ओसरायचा, त्या दिवशी ओसरेचना. मला घाम फुटला. घरी फोन केला तर मेधानेच उचलला!

"तू दवाखान्यात नाहीस?"

"नाही रे. मागच्या वेळीच डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. का?"

दवाखान्यात फोन लावला. नुसता वाजत राहिला. माझ्या डोळ्यांसमोर बाहुलीला टाचण्या टोचणारा मांत्रिक यायला लागला. आज त्याला जाब विचारायचाच, म्हणून स्कूटर काढली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. वाटभर पोटात ते ओझं तसंच.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पेशंटच्या कॉटवर डॉक्टर स्वतः पडले होते. शर्ट वर केलेला, बेंबीच्या दोन्ही बाजूंना आणि खाली सुया. तोंडाला फेस, शुद्ध नाही. मी एकेक सुई उपसली. जी उपसली, ती जागा माझ्या पोटातही मोकळी होत गेली... हे मी शपथेवर सांगतो.

शेजाऱ्यांना हाक मारली. ते दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आले. रक्तातली साखर एकदम उतरली होती, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. "आपको किसने बुलाया?"

मी सगळं सांगितलं, व्हरांड्यातल्या पहिल्या दिवसापासून. त्यांनी हळूच शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "खिडकी से देख रहे थे क्या आप?" आभार नाही, काही नाही. परत येऊ नका, एवढंच म्हणाले.

त्यानंतर मला कधी काही टोचलं नाही. मेधाचं दुखणंही गेलं ते गेलंच.

घरी येऊन तिलाही सगळं खरं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मी तिथे जायचे तेव्हा तू माझ्या मागावर असायचास ना? खरं सांग."

आज इतकी वर्षं झाली, तिचा तो संशय गेलेला नाही. आणि खरं सांगू का... तिच्या जागी मी असतो, तर मीही दुसरं काही मानलं नसतं.