तिसरी चौकट

अमेरिकेतल्या डब्लिन गावी राहणाऱ्या चांदोरकरांच्या गॅरेजचं दार कधीकधी आपोआप उघडायचं. त्यात भुताटकी काही नव्हती. शेजारच्या घराचा रिमोट आणि यांचा रिमोट योगायोगाने एकाच क्रमांकावर लावलेले होते. शेजारी कामावरून परतून बटण दाबायचा तेव्हा यांचंही दार घरघरत वर जायचं. दिगंबरने हे बायकोला दोनदा समजावून सांगितलं होतं. "आत आठ बारके स्विच असतात, सुलू. एक बदलला की झालं. येत्या रविवारी करतो."

तो रविवार काही आला नाही. १९८५ च्या जानेवारीत, नऊ तारखेला सकाळी, ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने बाजूला करता करता तो खाली बसला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. एक्कावन्न वर्षांचा होता. "अहो, जरा गाडीपुरता तरी बर्फ काढा, मला बँकेत उशीर होतोय," असं सुलभाच त्याला म्हणाली होती.

त्यानंतर दार वर जायला लागलं की सुलभा हातातलं काम टाकून उभी राहायची. स्विचचं सगळं तिला माहीत होतं. तरीही गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो का, हे ऐकत ती थांबायची. मग जाऊन दार खाली करायची.

मूलबाळ नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इथे आली, तेव्हापासून घरातले कागद दिगंबरच बघत आलेला. टॅक्सच्या फॉर्मची त्याची एक ठरलेली पद्धत होती. डिसेंबरच्या शेवटी पुस्तिका पोस्टाने आली की तो आधी पेन्सिलने कच्चा फॉर्म भरायचा, महिनाभर तो तपासायचा, मग पेनाने पक्का करायचा. जिथे सुलभाची सही हवी तिथे पेन्सिलची बारीक फुली करून तो स्वयंपाकघरात यायचा. "सुलू, फुलीवर सही कर." कणकेचे हात पुसून ती सही करायची. तो फुली खोडून टाकायचा. त्या कागदावर काय लिहिलंय हे तिने सोळा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र ती बँकेत काउंटरवर लागली. दिवाळीला मंडळी जमली होती, तेव्हा सगळ्यांसमोर ती हसत म्हणाली, "यंदा वाचल्याशिवाय सही नाही हं! बँकेत दिवसभर लोकांना हेच तर सांगते मी."

"दिगंबरराव, संपलं तुमचं राज्य," कोणीतरी म्हणालं. दिगंबरही हसला होता.

फेब्रुवारीत त्याचं टेबल आवरताना क्लिपबोर्डला लावलेला कच्चा फॉर्म तिला सापडला. पेन्सिलीतलं ते सरळ, छापल्यासारखं अक्षर बघून तिने आधी आपली फुली शोधली. ती नव्हती. मग नजर वर गेली. नवराबायकोंनी फॉर्म कसा भरायचा, त्याच्या चौकटी वरच असतात. दुसरी चौकट दोघांनी मिळून भरण्याची, तिसरी लग्न झालेलं असूनही वेगवेगळं भरण्याची. दिगंबरने तिसऱ्या चौकटीत खूण केली होती.

पुढचं पान तिने उलटलंच नाही. क्लिपबोर्ड तसाच टेबलक्लॉथांच्या ड्रॉवरमध्ये, सगळ्यात खाली सरकवून दिला.

मार्चच्या एका शनिवारी ती त्र्यंबककाकांकडे गेली. काका रिटायर झालेले. गावातल्या निम्म्या मराठी घरांचे टॅक्सचे फॉर्म त्यांच्या जेवणाच्या टेबलावर भरले जायचे. चहा, चिवडा आणि प्रतिमाकाकूंची टिंगल यासकट.

"तुझं यंदा सोपं आहे गं," काका म्हणाले. "दिगंबर एकतीस डिसेंबरला होता ना? मग ते अख्खं वर्ष तुम्ही नवराबायको. जॉइंटच भरायचं. वरती त्याचं नाव आणि तो गेल्याची तारीख लिहायची. त्याच्या सहीच्या जागी लिहायचं, मागे राहिलेली जोडीदार म्हणून भरतेय. झालं."

"आणि काका, सेपरेट कोण भरतं? बँकेतली एकजण विचारत होती."

"सेपरेट? कोणी भरत नाही! टॅक्स जास्त बसतो, डिडक्शन जातं. फाटलेली जोडपी भरतात, नाहीतर ज्यांचे वकील आलेत ती."

"फायदा काहीच नाही?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकच. सही ज्याची त्याची. दुसऱ्याला फॉर्म दाखवावा लागत नाही."

"मग आम्ही सेपरेटच भरूया," काकू आतून म्हणाल्या. "यांच्या सहीसाठी दर वर्षी मलाच पेन शोधावं लागतं."

काका हसले. सुलभाही हसली. परत येताना लाल सिग्नलला मागची गाडी हॉर्न द्यायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सिग्नल कधीचाच हिरवा झालाय.

फाटलेली जोडपी. तिला गुरुवार आठवायला लागले. ऑगस्टपासून दिगंबर अधूनमधून गुरुवारी ऑफिसनंतर शाळेच्या जिममध्ये बॅडमिंटनला जायचा. घरी यायचा तेव्हा शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. एकदा तिने विचारलंही होतं. "आज कोर्टच मिळालं नाही," तो म्हणाला होता, आणि रॅकेट कव्हरसकट कोपऱ्यात ठेवून दिली होती.

गाडीच्या कप्प्यात त्याची मैलांची वही होती. पेट्रोल कधी भरलं, कुठे गेलो, किती मैल, हे सगळं दिगंबर तिच्यात लिहायचा. दूध आणायला गेला तरी लिहायचा. तिने वही उघडली. ऑफिस, ग्रोसरी, त्र्यंबकराव, देऊळ. आणि अकरा गुरुवारी नुसतेच चोवीस मैल. ठिकाणाची जागा कोरी. जिम घरापासून दोन मैलांवर होतं.

तिने बेरीज केली. दोनशे चौसष्ट मैल. दिगंबरने जागेचं नाव लिहिलं नाही, अशी त्या वहीत दुसरी एकही नोंद नव्हती.

मग मात्र घरात तो सगळीकडे दिसायला लागला, पण वेगळाच. आरशात भांग पाडणारा दिगंबर कोणासाठी भांग पाडत होता? फोनवर आवाज खाली आणणारा दिगंबर कोणाशी बोलत होता? आता गॅरेजचं दार वर गेलं की ती उभी राहायची, पण आवाजाची वाट बघत नव्हती. तो आत आला तर त्याला काय विचारायचं, याची वाक्यं जुळवायची. कोणाचं घर आहे बारा मैलांवर? आणि वाक्य पुरं होण्याआधीच शरम वाटायची. गेलेल्या माणसाची उलटतपासणी घ्यायची?

एप्रिल उजाडला. पंधरा तारीख जवळ आली. काकांचा फोन आला, "सुलभा, कागद घेऊन ये गं." तिने सांगितलं, मीच भरते. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला वेगळं व्हायचं असेल, तर मेलेल्या माणसाला धरून ठेवणारी मी कोण? त्याने जशी चौकट निवडली तसाच त्याचा फॉर्म पेनाने पक्का करायचा आणि आपला वेगळा भरायचा. जास्त टॅक्स बसला तर बसला.

शनिवारी दुपारी तिने ड्रॉवरमधून क्लिपबोर्ड काढला आणि कोरा फॉर्म शेजारी ठेवला. नाव लिहिलं. तिसऱ्या चौकटीपाशी पेन टेकवून थांबली. मग ती चौकट तशीच सोडून पुढचे आकडे उतरवू लागली. खूण शेवटी करू, असं तिने स्वतःला सांगितलं. पगार, व्याज. पहिल्यांदाच ती प्रत्येक ओळ वाचत होती. मग वजावटीचा कागद आला. सगळ्यात वर औषधपाणी. तिथे रक्कम होती, आणि ती लहान नव्हती. सोळा वर्षांत त्या जागी कधी काही असेल असं तिला वाटत नव्हतं. घरात आजारी होतं कोण?

त्याखालची ओळ दवाखान्यात जाण्यायेण्याच्या खर्चाची होती. समासात पेन्सिलने गुणाकार केलेला होता. दोनशे चौसष्ट मैल, मैलाला नऊ सेंट.

तिने तो आकडा पुन्हा वाचला. मग गाडीतली वही आणून शेजारी ठेवली. आकडा तोच होता.

दुसऱ्या बाईच्या घरी जाण्याचं पेट्रोल कोणी औषधपाण्याच्या ओळीत मांडत नाही. दिगंबर चांदोरकर तर नाहीच नाही.

क्लिपबोर्डच्या तळाशी, सगळ्या कागदांखाली एक लिफाफा होता. त्यात हृदयविकाराच्या एका क्लिनिकच्या अकरा पावत्या तारखेनुसार लावलेल्या होत्या. प्रत्येक पावती पूर्ण स्वतः भरलेली. इन्शुरन्सला कळलं तर ऑफिसला कळेल, ऑफिसला कळलं तर पुढच्या छाटणीत नाव येईल, असा हिशेब त्याने केला असणार. शेवटच्या पावतीवर पुढची तारीख लिहिलेली होती. सतरा जानेवारी, गुरुवार.

हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग दिवाळीतलं स्वतःचंच हसणं तिच्या कानात वाजलं. यंदा वाचल्याशिवाय सही नाही हं. पुढ्यात बसून हसणाऱ्या माणसाच्या खिशात तेव्हाच सातआठ पावत्या असतील. जॉइंट भरला असता तर तिने वरपासून खालपर्यंत वाचला असता. म्हणून जास्त टॅक्स भरायला निघालेला हा माणूस. सही ज्याची त्याची.

"मला सांगायचं होतंत ना," ती मोठ्याने म्हणाली. टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली. "एवढं सगळं मांडून ठेवलंत, मैल मोजलेत, आणि फावडं हातात घेताना तुम्हाला बोलता नाही आलं? मी गेले असते बसने."

इतके दिवस ती ज्या बाईला शोधत होती, ती कुठेच नव्हती. बर्फ काढायला सांगणारी बाई तेवढी उरली होती, आणि ती याच घरात राहणार होती.

अर्धवट भरलेला फॉर्म तिने बाजूला सारला. दुसरा कोरा घेतला. दुसऱ्या चौकटीत खूण केली, पेनानेच. दोघांची नावं लिहिली, वरती त्याची तारीख घातली. पगार दोघांचे, व्याज दोघांचं, औषधपाण्याची ओळ त्याची. प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. संध्याकाळ होत आली तेव्हा सह्यांच्या जागेपाशी पोचली.

स्वतःची सही केली. मग त्याची पेन्सिल उचलून शेजारच्या रिकाम्या जागी बारीकशी फुली केली.

गॅरेजचं दार घरघरत वर गेलं. ती उभी राहिली. गाडीचं दार लागलं, पण शेजारच्या घरात. ती खाली बसली आणि त्र्यंबककाकांनी सांगितलेले शब्द त्या फुलीवरून लिहिले. मागे राहिलेली जोडीदार म्हणून.

खोडरबर त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. ते काही तिने काढलं नाही.