डाव्या हाताची गोटी

नवी गोटी आली की गोविंदा वस्ताद आधी सगळ्या तालमीला गप्प करत. मग पितळेच्या परातीला तेलाचं बोट फिरवून गोटी तिच्यात सोडत. गोटी म्हणजे काळ्या दगडाचा नारळाएवढा गोळा. त्याला तीन भोकं पाडायची, एक अंगठ्याला, दोन मधल्या बोटांना. बोटं घालून ती एका हातानं उचलायची आणि लोंबती धरायची. आमच्या धामणगावात नागपंचमीला हा खेळ होई. दगड बाहेरून कितीही गोल असला तरी आतून एका अंगाला जड असतो. परातीत तो डुलत डुलत जड अंग खाली घेऊन थांबे. वस्ताद त्याला पुन्हा ढकलत. प्रत्येक वेळी तोच भाग वर आला, तर तिथं गेरू लावत. भोकं त्या गेरूभोवतीच पाडायची. ती बाजूला गेली, किंवा माप दुसऱ्या हाताचं असलं, तर गोटी हातात फिरते आणि मनगट पिरगळते.

"दगडाले पयले इचारा, मंग हाताले," ते म्हणत.

तालमीच्या सामानाची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून ते मला कारभारी म्हणत. एकदा एका पोरानं बाजारातून तयार गोटी आणली आणि सगळ्यांसमोर उचलली. ती हातात फिरली आणि पायाच्या बोटावर पडली. पोरगा एका पायावर नाचू लागला. वस्ताद जागचे हलले नाहीत. "नाच बे, नाच. गोटी तं बरी हाय ना?"

त्यांना एकच मुलगा, सदू. तो डावखुरा होता. त्याच्यासाठी आणलेली गोटी परातीत बसली, गेरू लागला. वस्तादांनी त्याचा डावा पंजा तिच्यावर ठेवला आणि बोटं आली तिथं छिन्नीनं तीन टाचे मारले. भोकं पाडायला भिका पाथरवट बाजार झाल्यावर येणार होता. त्याआधी मानमोडीची साथ आली. सदू तिच्यात गेला.

वस्ताद तेरावं झाल्यावर तालमीत आले. माती ओली केली, पोरांच्या जोड्या लावल्या. मी सामान आवरत होतो. गोटी नुसती पडून होती, म्हणून विचारलं, "दुसऱ्या कोणाच्या मापानं भोकं पाडून घ्यायची का?"

"राहू द्या कारभारी. बसून राह्यली अजून."

परातीत दगड स्थिर बसायला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक होतं. तरी दर नागपंचमीला सामान काढलं की मी विचारी, आणि ते तेच सांगत. काही वर्षांनी मी विचारणं बंद केलं.

मग त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नागपूरकडचे डॉक्टर होते. त्यांनी उजवा हात उचलला, सोडला आणि म्हणाले, "ये हाथ अब नहीं चलेगा. दूसरे से काम लो, नहीं तो खटिया पकड़ोगे." घरी आल्यावर वस्ताद दुसऱ्या हातानंही काही करीनात. घास बायको भरवी. दिवसभर भिंतीकडे तोंड. मी रोज जात असे, पाणी-औषध बघत असे.

एके दिवशी मी निघालो, तेव्हा मागून शब्द आले. जड होते, पण कळले. "भिकाले बलावा."

"कशाला?"

"गोटीले भोकं पाडाची हायत."

मी तालमीतून गोटी आणली. भिका आला. त्यानं टाचे बोटानं चाचपले. "वस्ताद, हे तं डाव्या हाताचं माप हाय."

"मंग माहा कोन्ता हात राह्यला?"

भिकानं तिथंच ओट्यावर भोकं पाडली. वस्तादांनी बोटं घातली. अंगठा गेला, बाकीची दोन सांध्यापाशी अडकली. भिकानं पुन्हा छिन्नी घेतली.

"नको. बोटं सुकतीन."

तेव्हापासून ते रोज बोटं घालून बघत. गोटी जागची हलत नसे. पण त्याच हातानं भाकरी मोडू लागले, भिंत धरून उभं राहू लागले. बोटं सुकत गेली.

नागपंचमीला भिकानं आणि मी धरून त्यांना तालमीत आणलं, गोटीही आणली. त्यांनी बोटं घातली. आता ती पुरी गेली. गोटी गुडघ्यापर्यंत आली. सगळी पोरं त्यांच्या हाताकडं बघत होती. ते गोटीकडं बघत होते. ती सरळ लोंबत होती.

"फिरली नाई," ते म्हणाले, आणि गोटी खाली ठेवली.

दिवाळीनंतर ते गेले. लाकडं, बांबू, मडकं, खांदेकरी, सगळं मीच बघितलं. काही राहून गेलं नाही.

गोटी तालमीत आहे. झाडताना मी ती उजव्या हातानं उचलून बाजूला ठेवतो. दर वेळी ती हातात फिरते.