वाढत्या मानेचा पट्टा

दुकानवाल्या बाईंच्या पायांचे दुपारपासूनच तुकडे पडले होते. कुत्र्यामांजरांच्या वस्तू विकता विकता वीस वर्षं झाली, पण एक वाक्य काही त्यांची पाठ सोडत नव्हतं. दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर पिल्लू घेऊन बसलेले आजोबाही तेच म्हणाले, "वाढत्या मानेचा द्या हो, म्हणजे पुढे चालेल."

"आजोबा, हा शाळेचा गणवेश नव्हे. सैल पट्ट्यात पाय अडकतो."

"आमची चारही पोरं ढगळ कपड्यांतच वाढली. कुणाचं काही अडकलं नाही!"

वाद घालायचं त्राण नव्हतं. बाईंनी पिल्लाला मोठा पट्टा घातला आणि बकलावर हात ठेवून थांबल्या. पिल्लानं मागच्या पायानं मान खाजवली, पाय पट्ट्यात गेला आणि ते केकाटत कलंडलं. बाईंनी तत्क्षणी बकल सोडलं. आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता.

मग बाईंनी लहान पट्टा बांधला, आत दोन बोटं सरकतील इतकाच. "दर आठवड्याला बोटं घालून बघा. घट्ट वाटला की या, सैल करून देते."

"येईन की," म्हणत आजोबा उठले आणि त्यांनी स्टूल बाईंकडे सरकवलं. "तुम्ही बसा आधी."