परग्रहावरच्या अंड्याखाली पाव

माझे दाजी वितालियानो चीज करायचे. हात मोठे, बोलणं कमी. कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "टांगलंय." म्हणजे चीज टांगलंय, सगळं ठीक. आमच्या मोलिसेच्या डोंगरात ताज्या चीजला मुठीत दाबून मान काढतात, मानेला दोरी बांधतात आणि बैलजोडीसारखे दोन-दोन गोळे चीज मुरवायच्या गुहेतल्या वाशांवर टांगतात. दिसायला छोटे दुधी भोपळेच.

शेवटच्या वाशावरच्या जोडीला मात्र हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती माझ्या बहिणीनं, एर्सिलियाताईनं वळलेली शेवटची जोडी. ताईला जाऊन चौदा महिने झाले होते. दोन्ही गोळ्यांच्या मानेवर तिच्या चार बोटांचे खळगे. दाजी रोज तेलाच्या फडक्यानं ती जोडी पुसायचे, पण खळग्यांवरून फडकं नाही फिरवायचे. मी एकदा बोलून गेलो, "दाजी, खायची वस्तू ती, वाया जाईल." आठवडाभर माझ्याशी अबोला!

ऐंशी सालच्या मे महिन्यात रोमहून सिनेमावाले आले. परग्रहावरच्या राक्षसाचा एक अमेरिकन सिनेमा तेव्हा जवळच्या कांपोबास्सो शहरात तुफान चालला होता. यांना तस्साच काढायचा होता, फक्त पैशांशिवाय. दिग्दर्शक बेल्लिसारियो म्हणजे बुटका, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. गुहेत पाय टाकला आणि किंचाळलाच, "अंडी! राक्षसाची अंडी! आणि आयती टांगलेली!"

"चीज आहे ते," दाजी म्हणाले.

"अहो, पडद्याला कोण नाक लावतंय?"

ताईला सिनेमाचं भारी वेड, म्हणून असेल, दाजी कबूल झाले. अट एकच : शेवटच्या वाशाला धक्का नको.

आम्हा दोघांना अंतराळवीर केलं. रेनकोटला चंदेरी रंग, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट. दाजींनी अंड्याजवळ जायचं, भ्यायचं आणि मरायचं. मी आधीच मेलेला, त्यामुळे आडवा पडून सगळं निवांत बघत होतो.

दाजी बाहेर रेनकोट चढवत होते, तेवढ्यात वायर तोकडी पडली म्हणून त्या लोकांनी मोठा दिवा नेमका शेवटच्या वाशाजवळ ठेवला. कॅमेरा सुरू झाला. दाजी आत येऊन बघतात, तर ताईच्या जोडीतला एक गोळा घामेजलेला. बघता बघता तो खालून फुटला आणि पिवळी तार लोंबायला लागली.

"वा! काय सुंदर घाण!" बेल्लिसारियो नाचायलाच लागला. "घाबरा, वितालियानो, घाबरा!"

आमच्याकडे सिनेमात आवाज नंतर भरतात, त्यामुळे वाट्टेल ते ओरडायला मोकळीक. गुहेच्या तोंडाशी उभी असलेली शेजारीण जेल्सोमिना कडाडली, "अरे मेल्या, बघत काय राहिलायस? एर्सिलियाचं ते, मातीत चाललंय! पाव धर खाली, पाव!"

दाजींचा चेहरा पांढराफटक. मग त्यांनी रेनकोटच्या खिशातून जेवणाचा पाव काढला आणि दोन्ही हातांनी धारेखाली धरला. चीज ओघळताना दिसलं की आमच्याकडे रांगतं पोरही पाव शोधतं. पाव भरला. दाजींनी हेल्मेटची काच वर केली आणि घास घेतला. मी मेलेला, तरी मला ऐकू आलं.

"मीठ जास्त झालंय," दाजी पुटपुटले. "नेहमीसारखं."

आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना सगळा पाव संपवला.

"राक्षसाचं अंडं खाल्लं यानं!" बेल्लिसारियो डोकं धरून खाली बसला. पुन्हा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती. मग रोमला जाऊन त्यांनी दाजींच्या तोंडी भारदस्त आवाजात एक वाक्य घातलं, "नमुना तपासतोय, कप्तान!"

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. दाजी पहिल्या रांगेत, मांडीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. राक्षसाच्या पोशाखाची पाठीवरची चेन दिसत होती, लोक हसून हसून लोळत होते. आणि मग ते अंडं आलं. भिंतभर मोठं, मानेवर चार खळगे, एकेक ताटाएवढा. ताईचीच बोटं! पडद्यावरच्या हेल्मेटवाल्या दाजींनी खिशात हात घातला, तशी जेल्सोमिना उठून ओरडली, "पाव!" आणि सगळं गाव तिच्या मागून, "धर! पाव धर!"

दिवे लागल्यावर दाजींनी मांडीवरचं फडकं सोडलं. जोडीतला दुसरा गोळा. खिशातून सुरी काढली आणि मला म्हणाले, "पाव आणलायस का रे?"

मी कुठला आणतोय! जेल्सोमिनाच्या पिशवीत मात्र चार निघाले.